दुकानाची पाटी, कायद्याची फूटपट्टी

आमची आत्या जेमतेम दुसरीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर पुस्तक कधी हाती आलं नाही. पण गुरुवारच्या बाजाराला इंदापूरहून एस.टी.नं बारामतीला निघाली, की खिडकीतून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत यायची. 'किराणा व भुसार', 'शेतीची अवजारे', 'भांड्यांचे दुकान'. एवढ्यावर तिची अक्षरओळख जन्मभर टिकली. म्हणून 'दुकानाची पाटी कशी असावी, हे सरकारनं का सांगावं?' असं कुणी विचारलं, की मला आत्या आठवते.

सरकारची नजर प्रथम गेली ती पाटीच्या भाषेवर नव्हे, रस्त्यावर. बारामती आणि इंदापूर, दोन्ही गावांत १८६५ साली नगरपालिका आल्या. पुढे १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यानं रस्त्यावर पुढे आलेले ओटे, पायऱ्या, छपरं हटवण्याचा अधिकार पालिकांना दिला. वाट अडू नये, एवढाच हेतू. पाटीवर काय लिहायचं, ही मालकाची मर्जी.

भाषेचा नियम आला तो कामगार कायद्याच्या दारानं. नोकरांचे कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी ठरवणारा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा १९४८ चा. 'गुमास्ता' म्हणून व्यापारी ओळखतात तो हाच. त्याखालच्या १९६१ च्या नियमांत पुढे '२०-अ' हा नियम घालण्यात आला. पाटी देवनागरी लिपीत, मराठीत हवी. इतर भाषा चालतील, पण मराठी आधी आणि तिची अक्षरं लहान नकोत. नियम बरीच वर्षं कागदावरच होता. २००८ साली मुंबईत पाट्यांचं आंदोलन पेटलं, तेव्हा अनेकांना तो प्रथम कळला.

खरी गंमत पुढेच आहे. १९ डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा लागू झाला. त्याच्या बहुतेक तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या होत्या. आता सांगा, आपल्या पेठेतल्या किती दुकानांत दहा माणसं असतात? गल्ल्यावर मालक, मापाला पोरगा, संपलं! तालुक्याच्या गावातली बहुतेक दुकानं पाटीच्या नियमातून अलगद बाहेर पडली.

ही पळवाट २०२२ च्या दुरुस्तीनं बुजवली. दुकान लहान असो वा मोठं, मराठी पाटी सर्वांना सक्तीची झाली. मद्य मिळणाऱ्या ठिकाणांना थोर व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावं देऊ नयेत, हेही त्यात आलं. त्याआधीच, २३ फेब्रुवारी २०२२ रोजी, किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेची मराठी पाटीच्या नियमाविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयानं फेटाळली होती. इतर लिपींना बंदी नाही, मग हरकत कसली, असा न्यायालयाचा रोख होता. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली.

म्हणजे सव्वाशे वर्षांत कायद्याची फूटपट्टी रस्त्यावरून अक्षरावर आली. ओटा किती पुढे आला हे मोजणारी ती, आता 'अ' केवढा हे मोजू लागली. पण तिला एक गोष्ट मोजता येत नाही. भिगवण रस्त्यानं चालताना पाहा, अक्षर मोठं, लिपी देवनागरी आणि शब्द मात्र 'फूटवेअर', 'जनरल स्टोअर्स', 'मोबाईल शॉपी'! कायद्याचा माणूस आला तर लिपी पाहून पुढे जाईल.

आत्या आज असती, तर तिनं या पाट्याही खणखणीत वाचल्या असत्या. आणि मग माझ्याकडे वळून विचारलं असतं, "वाचलं रे बाबा, पण इथं मिळतं काय?"