ठाण्याचा पाचवा साक्षीदार

ठाण्यात मासुंदा तलावाजवळ संत जॉन द बाप्टिस्ट यांचे मंदिर आहे. कल्याण-डोंबिवलीकडून येणारे आपले कित्येक बंधुभगिनी तेथे घटकाभर गुडघे टेकून पुढे कामाला जातात. याच ठाण्यात सातशे वर्षांपूर्वी चार फ्रान्सिस्कन बंधूंनी ख्रिस्तासाठी आपले रक्त सांडले, हे आपल्यापैकी अनेकांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेले असेल. परंतु ठाण्याच्या बंदरात उतरलेल्या त्या प्रवाशांत पाच धर्मबंधू होते. पाचव्याचे रक्त त्या दिवशी सांडले नाही. तो मागे उरला. आज त्या मागे उरलेल्याविषयी आम्हाला चार शब्द सांगावयाचे आहेत.

ख्रिस्तश्रद्धा या किनाऱ्याला तेव्हा अपरिचित नव्हती. सहाव्या शतकातील कॉस्मास या ग्रीक प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याची नोंद करून ठेवली आहे, आणि अनेक अभ्यासक हे गाव म्हणजे आपले कल्याणच, असे मानतात. चौदाव्या शतकात ठाणे व सोपारे येथे पूर्वेकडील परंपरेची काही ख्रिस्ती कुटुंबे राहत होती. अशाच एका घरी हे पाच पाहुणे उतरले.

त्यांतील टोलेंटिनोचे थॉमस हे वयोवृद्ध होते. दारिद्र्याच्या व्रताचा कडक आग्रह धरल्यामुळे तरुणपणी त्यांनी इटलीत कारावास भोगला होता. सुटकेनंतर, १२९० च्या सुमारास, ते आर्मेनियात गेले व पुढील आयुष्य त्यांनी पूर्वेकडील सुवार्ताकार्यासाठी वेचले. त्यांच्याबरोबर पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे ब्रदर दिमित्री होते. पाचवे होते दक्षिण फ्रान्समधील सेव्हेराकचे जॉर्डन, डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू. इराणातून होर्मुझमार्गे ते निघाले, आणि जहाजाने त्यांना ठाण्याला आणून सोडले. ठाणे त्या वेळी दिल्लीच्या सुलतानांच्या अंमलाखाली होते.

जॉर्डन यांना पर्शियन भाषा येत होती. भडोचकडील ख्रिस्ती लोक नावापुरतेच ख्रिस्ती उरले आहेत, त्यांच्याकडे जावे, अशी विनंती स्थानिकांनी केल्यावरून ते उत्तरेकडे निघाले. चौघे ठाण्यातच थांबले.

पुढे जे घडले त्याचा आरंभ एका घरगुती भांडणात आहे. यजमानाने पत्नीला मारहाण केली. ती दाद मागण्यासाठी काझीकडे गेली आणि घरी उतरलेल्या पाहुण्यांना तिने साक्षीदार म्हणून पुढे केले. सामान राखण्यासाठी पीटर घरी राहिले व तिघे हजर झाले. मारहाणीचा विषय बाजूला पडला आणि धर्माविषयी प्रश्न सुरू झाले. त्या तिघांनी वाद उकरून काढला नव्हता, परंतु विचारल्यावर त्यांनी आपली श्रद्धा लपविलीही नाही. ९ एप्रिल १३२१ रोजी, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, थॉमस, जेम्स व दिमित्री यांचा वध झाला. दोन दिवसांनी पीटर यांनाही तेच मरण आले. पुढे १८९४ साली पोप लिओ तेरावे यांनी थॉमस यांना धन्यवादित म्हणून मान्यता दिली. या इतिहासाने आपल्या मनात कोणाविषयी कटुता उत्पन्न होऊ नये. ठाण्यात आज सर्व धर्मांचे लोक शेजारी म्हणून नांदतात, आणि रक्तसाक्षींची स्मृती क्षमेच्या वेदीवरच शोभते.

वाटेत असतानाच जॉर्डन यांच्या कानी ही वार्ता आली. ते परतले. सोबत्यांचे देह त्यांनी सोपाऱ्यास नेले व तेथे त्यांना मूठमाती दिली. पुनरुत्थानाचा सण तोंडावर होता. ज्यांच्या सोबतीने तो साजरा करायचा, ते चौघेही सोपाऱ्याच्या मातीत विसावले होते.

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना आम्ही या चौघांची नावे व तारखा परीक्षेपुरत्या पाठ केल्या. जॉर्डन यांचे नाव तळटिपेत होते. गुरुदीक्षेनंतर काही वर्षांनी, जेव्हा वेदीवर उभे राहूनही अंतःकरण कोरडे राहू लागले, तेव्हा आम्ही त्या तळटिपेकडे परतलो. ख्रिस्तासाठी एका दिवसात मरण्याची कल्पना तरुण मनाला भुरळ घालते. त्याच्यासाठी रोज एकट्याने जगायचे कसे, हे विचारण्याची पाळी नंतर येते.

जॉर्डन यांची दोन पत्रे आज उपलब्ध आहेत. पहिले १२ ऑक्टोबर १३२१ रोजी घोघे बंदरातून इराणातील धर्मबंधूंना लिहिलेले आहे. सोबत्यांच्या मरणाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते, तरी भडोच येथे सुमारे नव्वद जणांना बाप्तिस्मा दिल्याचे ते कळवितात आणि आणखी धर्मबंधू पाठवा अशी विनवणी करतात. दुसरे पत्र खुद्द ठाण्याहून, घटनेला तीन वर्षे पुरी होण्याआधी, जानेवारी महिन्यात लिहिलेले. त्यात ते काही लपवीत नाहीत. चाच्यांनी पकडले, तुरुंगात टाकले, शिव्याशाप व खोटे आरोप सोसले, संघाचा झगा नाहीसा होऊन अंगात केवळ सदरा उरला. भूक, तहान, आजार, एकाकीपणा, सारे त्यांनी मोकळेपणाने मांडले आहे. सोबत्यांबरोबर त्या मुकुटाला आपण पात्र ठरलो नाही, ही खंतही आहे. तरीही येशूसाठी हे सारे, आणि मरणही, सोसण्याची तयारी त्याच पत्रात आहे.

याच माणसाला १३२९ साली पोप जॉन बाविसावे यांनी कोल्लमचे बिशप नेमले. भारतातील लॅटिन विधीचा तो पहिला धर्मप्रांत. चौघा रक्तसाक्षींच्या अस्थी मात्र सोपाऱ्यास राहिल्या नाहीत. फ्रान्सिस्कन प्रवासी ओदोरिक यांनी त्या उचलून चीनमधील आपल्या बंधूंच्या मठात पोहोचविल्या.

प्रिय वाचकहो, ख्रिस्ताशी निकटचे व टिकाऊ नाते म्हणजे काय, याचे उत्तर आम्हाला या पाच जणांत एकत्र सापडते. थॉमस यांचा तो एक दिवस तीस वर्षांच्या सोबतीचे फळ होता. कारावासात व परदेशात ज्याच्याशी रोज बोलणे होते, त्याला काझीसमोर नाकारणे त्यांना शक्यच नव्हते. आणि जॉर्डन यांनी तेच नाते दीर्घकाळ, कोणी पाहत नसताना जपले. फांदी द्राक्षवेलीला एका दिवसासाठी जोडलेली नसते. बहर नसलेल्या ऋतूतही ती वेलीवरच असते.

जॉर्डन यांच्याकडून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. त्यांनी आपले दुःख देवापासून वा बंधूंपासून लपविले नाही. सोबतीवाचून श्रद्धा टिकविणे कठीण, हे ओळखून त्यांनी सोबत मागितली. आणि मन भरून येण्याची वाट न पाहता हातातले काम चालू ठेवले.

आपल्या धर्मग्रामांत आज वसई, गोवा, मंगलोर, केरळ येथून आलेली कुटुंबे आहेत. १९८८ साली सिरो-मलबार विधीच्या बांधवांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, तोही अशाच स्थलांतरामुळे. गावचे देऊळ, आजीची रोझरी, शेजारची क्रुसाची वेस मागे राहिली. पहाटेची लोकल, रात्रीचे परतणे, एका खोलीत आजारी आई आणि अभ्यास करणारी मुले. “फादर, प्रार्थनेत पूर्वीसारखे काही वाटत नाही,” असे सांगणारे बंधुभगिनी आम्हाला नेहमी भेटतात. त्यांना आम्ही जॉर्डन यांचे दुसरे पत्र सांगतो. नाते तुटल्याचे लक्षण कोरडेपणा नव्हे. बोलणे थांबवले तर मात्र नाते सुकते. जे वाटत नाही तेही त्यालाच सांगावे, गाडीतील दोन दशके का होईना म्हणावीत, रविवारच्या मिस्साबलिदानात आपल्या शेजाऱ्याचा हात धरावा, आणि घरातील आजाऱ्याला पाणी द्यावे.

पुढच्या वेळी मासुंदा तलावाजवळून जाल तेव्हा चौघा रक्तसाक्षींना वंदन करा. मग क्षणभर त्या पाचव्याची आठवण काढा, जो आपल्या मित्रांना माती देऊन उठला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ख्रिस्ताबरोबर चालू लागला.