उन्हाचे इंधन : चंद्रपूरच्या पाटीवरचा हिशेब

माझे अंकगणित शाळेत झाले नाही. ते पगारपत्रकांवर आणि बोनसच्या वाटाघाटींत झाले. म्हणून उन्हापासून हायड्रोजन, म्हणजे आपला जुना उद्‌जन, करावा काय, हा प्रश्न मी खर्चाच्या बाजूनेच मांडणार आहे.

विजेने पाणी फुटते, हे निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली दाखवले. आपल्या देशानेही हे मोठ्या प्रमाणावर केलेले आहे, पण आपण ते विसरलो. पंजाबात नांगल येथे १९६१ साली खत-कारखाना सुरू झाला. भाक्राच्या स्वस्त विजेने पाणी फोडायचे आणि त्या उद्‌जनाचे खत करायचे, अशी योजना होती. पुढे विजेला गिऱ्हाइके वाढली आणि कारखान्याचा विस्तार झाला तो इंधन-तेलावर. शास्त्र खोटे ठरले नव्हते. वीज महागली, इतकेच.

आता घरचा हिशेब. एक किलो उद्‌जनाला सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. हाती येणारी ऊर्जा ३३ युनिटांची. युनिटला अडीच रुपये धरले तरी नुसत्या विजेचेच सव्वाशेच्या वर गेले. साठवण आणि वाहतूक निराळी. ग्यानबाची मेख पुढेच आहे. सौर पॅनेल वर्षाच्या सरासरीने क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याइतकेच काम करते. म्हणजे यंत्र एकच पाळी चालणार, व्याज मात्र तिन्ही पाळ्यांचे!

पाण्याची भीती मला वाटत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटून येथल्या औष्णिक केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते, हे आपणांस आठवत असेल; त्या तहानेपुढे किलोमागे दहा-वीस लिटर म्हणजे काहीच नव्हे. जमीन मात्र मेगावॉटला चार-पाच एकर लागते. त्यासाठी गडचिरोलीच्या जंगलाकडे कोणी बोट दाखवू नये. आधी खाणींची पडीक जमीन पाहा. मात्र ढिगाऱ्याची माती खचते, याचा खर्च धरा.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचे अभियान मंजूर केले. खत आणि पोलाद यांना हा वायू उपयोगी पडेल. चुलीसाठी तो करणे म्हणजे रुपयाची चिल्लर करायला सव्वा रुपया देणे.

वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली, तेव्हा बल्लारपूरला कोळसा होता. घुग्घुस-माजरीच्या खाणी संपतील तेव्हा पाणी फोडणारा कारखाना जरी आला, तरी त्याला माणसे थोडीच लागतील.