भिल्ल पलटण ते बी. ए. समाजशास्त्र

धरणगाव म्हटले की कवितेच्या माणसाला बालकवी आठवतात. ते इथे 1890 साली जन्मले. त्यांचे वडील पोलीस खात्यात नोकरीला होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. पण आमच्या या गावाचे पोलिसांशी नाते त्याहूनही 65 वर्षे जुने आहे.

इंग्रजांनी 1818 साली खानदेश घेतला तेव्हा डोंगरातले भिल्ल बंडावर होते. त्याला कारण होते. भिल्ल हे पूर्वापार गावांचे जागले. राखणीबद्दल त्यांना गावाकडून हक्क मिळे. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत, त्यात 1803 च्या दुष्काळात, गावेच ओस पडली. मग हक्क द्यायचा कुणी? राखणदार डोंगरात गेले आणि ज्या वाटा राखत होते त्याच लुटू लागले. सरकारने सात वर्षे फौजा पाठवून पाहिल्या. शिपाई तापाने मेले, बंड काही मोडले नाही.

शेवटी 1825 साली गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत धोरण बदलले. खानदेशात भिल्ल एजन्सी निघाल्या. कन्नडला जमीन आणि तगाई देऊन भिल्लांना शेतीवर बसवण्याचे काम सुरू झाले, आणि धरणगावी भिल्लांचीच पलटण उभारायला जेम्स औट्रम आला. वय 22. ॲबरडीनच्या कॉलेजात थोडे शिकून सोळाव्या वर्षी तो फौजेत आला होता. म्हणजे आज आपली मुले बी. ए. होतात त्या वयाचा हा पोरगा. तो भिल्लांमध्ये जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला. पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसेना. हळूहळू एकेक जण आला, पगार घेऊ लागला, कवायत करू लागला. काल ज्यांना पकडायला फौज फिरत होती, तेच आज बंदोबस्ताला उभे राहिले. औट्रम 1835 पर्यंत या कामावर होता.

मला त्याचे गोडवे गायचे नाहीत. माणसे ओळखली ती राज्य टिकवण्यासाठी. 11 एप्रिल 1858 रोजी सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांवर गोळ्या चालल्या, तेव्हा इंग्रज फौजेत ही पलटणही होती. आणि समोर बंडवाल्यांचा पुढारी कोण? खाज्या नाईक, जो पूर्वी सरकारसाठीच सेंधव्याचा घाट राखत असे!

दरवर्षी निकाल लागले की गल्लीतली मुले माझ्याकडे येतात. मीही बी. ए., तेव्हा मला सगळे ठाऊक असणार असा त्यांचा समज. ‘चाचा, समाजशास्त्र घेतलं तर फौजदार होता येतं का?’ फौजदाराच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, एवढे सांगून मोकळे होता येते. पण प्रश्न बरा आहे, म्हणून मी थोडे थांबतो.

कारण समाजाचा अभ्यास पोलिसांनी याआधीही केलेला आहे, आणि त्याचे फळ कडू आहे. 1908 साली मुंबई इलाख्यातले पोलीस अधिकारी केनेडी यांनी ‘गुन्हेगार जातीं’वर एक जाडजूड ग्रंथ काढला. कोण कसे बोलते, काय नेसते, चोरी कशी करते, सगळे जातवार. मेहनत मोठी, पण माणूस पाहण्याआधी त्याची जात पाहायला शिकवणारी. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून गेला 1952 साली. पारध्याच्या पालावर आजही आधी संशय जाऊन पोचतो, तो याच अभ्यासक्रमाचा शिल्लक धडा.

मुलांना मी भिवंडी सांगतो. 1984 ला तिथे भीषण दंगल झाली. पुढे 1988 साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांना न बोलावता विणकर, दुकानदार, रिक्षावाले अशी दोन्ही समाजांची साधी माणसे बसवली आणि साध्या पोलीस शिपायाला त्यात महत्त्वाचे काम दिले. नळाचे भांडण, भाडेकरूचे भांडण तिथेच मिटू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. माझ्यासारख्या मोहल्ल्यात राहणाऱ्याला याची किंमत पुस्तकातून समजावी लागत नाही.

त्याच 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या बरोबरीने स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मार खाऊन आलेल्या बाईचे म्हणणे पोलिसांच्याच आवारात बसून, समाजकार्य शिकलेली बाई ऐकून घेऊ लागली.

यंदा आमच्या गल्लीतल्या एका मुलीने समाजशास्त्र घेतले आहे. पहाटे ती भरतीसाठी 800 मीटर धावते. तिचे अब्बा मला म्हणाले, ‘भाईजान, पळणं समजलं, पण ही भिल्लांचं, पारध्यांचं काय वाचत बसते?’ मी म्हटले, तिच्या ठाण्यात तेच लोक येणार आहेत.