वेताळाला व्हॅम्पायर कोणी केलं?

स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ 2005 साली आली. 2009 साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेनं सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांची यादी काढली, तिच्यात ही मालिका होती. रक्तपिपासू नायकाची गोष्ट मुलांच्या हाती द्यावी का, असा तो वाद. मला त्याची गंमत वाटते, कारण मराठी शाळापुस्तकांच्या अगदी पहिल्या पिढीतच भुताची गोष्ट आहे. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी 1828 साली ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ मराठीत आणल्या आणि 1830 साली ‘वेताळपंचविशी’. ज्या माणसानं मराठी मुलांना इसापाचा कोल्हा दिला, त्यानंच झाडाला लटकलेलं प्रेतही दिलं.

आता हा वेताळ व्हॅम्पायर आहे का? मुळात नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागरा’त या गोष्टी सांगितल्या. त्यांत वेताळ प्रेतात शिरतो, बोलतो, कोडी घालतो, पण कोणाचं रक्त पिण्यासाठी राजाच्या खांद्यावर बसत नाही. कोकणात तर तो राखणदार आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाभोवती फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. 1870 साली रिचर्ड बर्टननं यातल्या अकरा गोष्टी इंग्रजीत सांगितल्या आणि पुस्तकाच्या नावातच विक्रमाशेजारी ‘व्हॅम्पायर’ हा शब्द बसवला. इंग्रज वाचकाला ओळखीचं भूत हवं होतं, ते मिळालं. पुढे 1897 साली ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकर बर्टनला भेटला होता. त्याच्या सुळ्याची आठवण त्यानं आपल्या आठवणींच्या पुस्तकात नोंदवली आहे.

तो शब्द मात्र निरुपद्रवी नव्हता. 1732 च्या सुमारास सर्बियातल्या गावांच्या बातम्यांमधून तो पश्चिम युरोपात पसरला. गावात माणसं पटापट मरू लागली की आधी मेलेल्या कुणावर तरी संशय घ्यायचा, थडगं उकरायचं, प्रेतात खुंटी ठोकायची. 1755 साली मारिया थेरेसा राणीनं आपला वैद्य गेरार्ड व्हान स्वीटन याला चौकशीचं काम दिलं. त्यानं यात अज्ञानाशिवाय काही नाही असं सांगितलं आणि राणीनं थडगी उकरण्यावर बंदी घातली.

मी उधव्यात नववीला मराठी शिकवते. तलासरी तालुक्यातलं, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीलगतचं हे गाव. वर्गात बहुतेक मुलं वारली. सर्बियाची ही हकीकत सांगितली तेव्हा कुणी हसलं नाही. कारण या पट्ट्यात आजारपण आलं, गुरं मेली, की भगताकडे जाऊन ‘भुताळी’ शोधण्याची रीत मुलांना ठाऊक आहे. फरक एवढाच की युरोपात संशय मेलेल्यावर जायचा, इथे जिवंत बाईवर जातो. ज्या समाजात लग्न धवलेरी बाई लावते, त्याच समाजात दुसऱ्या बाईला चेटकीण ठरवून मारहाण करता येते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं एखादी व्यक्ती करणी करते किंवा गुरांचं दूध आटवते असं जाहीर करून तिला त्रास देणं हा गुन्हा ठरवला.

म्हणून इथल्या शिक्षकाला भुताची गोष्ट वर्गात आणताना दोनदा विचार करावा लागतो. तरी मी आणते. कारण वेताळाची गोष्ट भीतीवर संपत नाही, प्रश्नावर संपते. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, ही तिची अट. भगताच्या अंगात आलेलं वारं उत्तर देतं आणि त्यावर कोणी उलट विचारायचं नसतं. वेताळ नेमकं उलट करतो.

एका गोष्टीत मेलेल्या मुलीचे तीन प्रेमी. एक तिच्या अस्थी गंगेत नेतो, एक राखेवर झोपतो, एक मंत्रानं तिला जिवंत करतो. नवरा कोण? राजाचं उत्तर ठरलेलं आहे: जिवंत करणारा बाप, अस्थी नेणारा मुलगा, राखेवर झोपणारा नवरा. वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “बाई, ती जिवंत झाली ना? मग तिला का नाही विचारत?” शेकडो वर्षांच्या गोष्टीत हा प्रश्न ना वेताळाला सुचला, ना विक्रमाला.

त्यानंतर आम्ही व्हॅम्पायरबद्दल आणखी एक गोष्ट बोललो. मार्क्सनं 1867 साली ‘भांडवल’मध्ये हीच उपमा वापरली: जिवंत श्रम शोषून जगणारं मेलेलं श्रम. याच भागात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. 23 मे 1945 रोजी झरी इथं वारल्यांची परिषद भरली आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीनं वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. त्यांनी तो ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवला आहे. झरी आमच्याच तालुक्यात. आपलं रक्त नेमकं कोण पितं, याचं उत्तर शोधायला तिथल्या लोकांना भगताकडे जावं लागलं नाही. पुढच्या तासाला मुलांना मी घरच्या म्हाताऱ्यांकडून लग्नगड्यांच्या आठवणी विचारून आणायला सांगितल्या आहेत.