धाप लागलेल्यांना चालतं करण्याची गोष्ट

पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, गोवऱ्या. नांदेड-लातूरच्या खेड्यांतल्या चुली पिढ्यान्‌पिढ्या यांवरच पेटल्या. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईलाही उतारवयात घागर उचलताना धाप का लागते, याचं एक उत्तर त्या धुरात आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर, म्हणजे श्वास अडवणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजारावर लिहिलं, तेव्हा त्यांनी याच धुराकडे बोट दाखवलं होतं.

अशा रुग्णाला घरचे मायेनं सांगतात, ‘बसून राहा, दगदग करू नका.’ डॉक्टरांचाही सल्ला फार काळ तोच होता.

क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये तर विश्रांती हाच उपचार होता. इंग्लंडमधल्या फ्रिमलीला मात्र डॉ. मार्कस पॅटरसन १९०५ पासून वेगळ्या वाटेनं गेले. रुग्णानं आधी थोडं चालायचं, ते झेपलं की टोपली वाहायची, मग फावडं हाती घ्यायचं; ताप चढला की पुन्हा विश्रांती. १९५२ साली अमेरिकेत डॉ. आल्व्हन बराक यांना दिसलं, की ऑक्सिजन लावून चालवलेल्या रुग्णांना पुढे चालताना दम कमी लागतो, जणू खेळाडूसारखा सराव झाला आहे.

कारण साधं आहे. माणूस बसून राहिला की पायांतली ताकद जाते. मग तेवढ्याच चालण्याला जास्त श्वास लागतो आणि माणूस आणखी बसतो.

हे चक्र किती तुटलं, ते मोजायला १९८२ पासून सहा मिनिटांची चाल वापरात आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन खुणा, बोटाला ऑक्सिमीटर. रुग्ण आपल्या चालीनं येरझाऱ्या घालतो, दम लागला तर भिंतीला टेकतो. घड्याळ मात्र थांबत नाही. शेवटी अंतर मीटरमध्ये लिहितात.

खरी अडचण त्यानंतरची. दवाखान्यातला सराव संपवून घरी गेल्यावर चाल सुटते. २०१३ साली लंडनच्या सुझन मिकी आणि सहकाऱ्यांनी सवय बदलण्याच्या ९३ युक्त्यांची यादी केली: छोटं उद्दिष्ट, रोजची नोंद, कोणीतरी केलेली विचारपूस. मोबाइलवरचे व्यायामक्रम याच युक्त्यांवर उभे आहेत. फ्रिमलीच्या टोपलीत त्यातली पहिली होतीच.

फोनवरून पाठपुरावा आपल्याला नवा नाही. क्षयरोग कार्यक्रमातल्या ‘९९डॉट्स’मध्ये गोळी काढली की पाकिटावर लपलेला क्रमांक दिसे, रुग्णानं त्यावर फुकटचा फोन लावायचा. कोणाची गोळी चुकली ते आरोग्यसेवकाला कळे आणि तो विचारपूस करू शके.

फुप्फुसाच्या रुग्णांसाठी हेच व्हायला हवं. नांदेडला १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला २००२ पासून. पहिली चाचणी तिथं व्हावी. व्यायामाचे पुढचे आठवडे साध्या फोनवर, मराठीत, आशाताईंच्या मदतीनं जावेत. उद्दिष्ट रुग्णाच्या मनातलं असावं: महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत फिरणं, नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात परिक्रमा करणं. आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चालायची वेळ ऊन चढण्याआधीचीच धरावी, नाहीतर एप्रिलमध्येच सगळं बंद पडेल.