पुरीची रथयात्रा

ओडिशातील पुरी येथे दरवर्षी आषाढ शुद्ध द्वितीयेला निघणारी जगन्नाथ, बलभद्र व सुभद्रा या भावंडांची यात्रा. जगन्नाथाच्या श्रीमंदिरापासून निघालेले तीन रथ बडदांड या प्रशस्त राजमार्गाने सुमारे ३ किमी. अंतरावरील गुंडिचा मंदिरापर्यंत ओढले जातात. भारतात रथोत्सव पुष्कळ होतात, पण बहुतेक ठिकाणी रथात बसते ती उत्सवमूर्ती. मूळ मूर्ती गाभाऱ्यातच राहते. पुरीत गाभाऱ्यातले देव स्वतः बाहेर येतात. मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नाही, रथावरचे दर्शन मात्र सर्वांना खुले असते. जगन्नाथाची पदे रचणारा सतराव्या शतकातील मुसलमान भक्त सालबेग याची समाधी बडदांडावरच असून जगन्नाथाचा रथ तिच्यापाशी थांबतो.

आजचे मंदिर बाराव्या शतकातले. गंग वंशातील अनंतवर्मन चोडगंग याने ते बांधावयास घेतले. शिखराची उंची सुमारे ६५ मी. असून त्यावर अष्टधातूचे नीलचक्र आहे.

रथ दरवर्षी नवे घडवतात. वसंत पंचमीला लाकडाची पूजा होते आणि अक्षय तृतीयेला राजवाड्यासमोरच्या रथखळ्यात कामाला हात लागतो. धौरा, फासी, आसन अशा झाडांचे सोट प्रामुख्याने दसपल्ला भागातील जंगलांतून येतात. सुतार, लोहार, चितारी, शिंपी ही सगळी वंशपरंपरेने सेवा करणारी घराणी. नकाशा कागदावर नसतो. मापे हाता-बोटांत मोजली जातात आणि बापाकडून मुलाकडे येतात. जगन्नाथाचा नंदिघोष १६ चाकांचा आणि सुमारे ४५ फूट उंचीचा, लाल-पिवळ्या कापडाचा. त्याला परंपरेने ८३२ लाकडी भाग लागतात. बलभद्राचा तालध्वज १४ चाकांचा, लाल-हिरवा. सुभद्रेचा दर्पदलन १२ चाकांचा, लाल-काळा. अशी एकूण ४२ चाके, आणि नंदिघोषाचे एकेक चाक पुरुषभर उंच. या यात्रेचे खरे वैभव या कारागिरीत आहे. छायाचित्रांत गर्दीच दिसते, म्हणून ते सांगावे लागते.

यात्रेची सुरुवात द्वितीयेच्या पंधरवडाभर आधी होते. ज्येष्ठ पौर्णिमेला देवांना स्नानमंडपावर आणून १०८ घागरींनी स्नान घालतात. या स्नानाने देवांना ताप येतो, असे मानून त्यांना पुढचे दिवस दर्शनाआड ठेवले जाते. हा अणसर. या काळात नेहमीचा नैवेद्य बंद असतो. देवांना फळे, दशमुळांचे औषध आणि अंगाला औषधी तेल. सेवेचा अधिकार दइतापतींचा. जगन्नाथाची प्रथम पूजा करणाऱ्या शबर विश्वावसूचे ते वंशज, अशी श्रद्धा असल्याने आजाऱ्याची शुश्रूषा घरच्या माणसांनीच करावी तसे ते वागतात. भाविक तोवर देवांच्या जागी मांडलेल्या पटचित्रांचे दर्शन घेतात किंवा ब्रह्मगिरीच्या अलारनाथाला जातात.

द्वितीयेला सकाळी पहंडी. घंटा-झांजांच्या गजरात, फुलांचा उंच ‘टाहिया’ मुकुट घातलेले देव दइतापतींच्या हातांवर झुलत, एकेक पाऊल टेकत रथाशी येतात. मग पुरीचे गजपती राजे पालखीतून येऊन तिन्ही रथांवर चढतात, सोन्याच्या मुठीच्या झाडूने रथाची जमीन झाडतात आणि चंदनाचे पाणी शिंपडतात. या विधीला छेरा पहंरा म्हणतात. राजा येथे देवाचा झाडूवाला होतो, आणि तेही हजारो प्रजाजनांच्या डोळ्यांदेखत. ते आटोपले की लाकडी घोडे जोडून दोर लावतात. आधी तालध्वज, मग दर्पदलन, शेवटी नंदिघोष, असा क्रम. सूर्यास्तानंतर रथ ओढत नाहीत. जेथे असेल तेथेच मुक्काम. २०२० मध्ये करोनाच्या साथीत सर्वोच्च न्यायालयाने यात्रेला आधी मनाई केली, मग अटींसह परवानगी दिली. त्या वर्षी दोर सेवेकऱ्यांनीच ओढले.

पंचमीला रुसलेली लक्ष्मी गुंडिचा मंदिरापाशी येते, कारण नवरा तिला घरी ठेवून भावंडांसह निघून गेलेला असतो. तिच्या वतीने सेवक नंदिघोषाचा एक तुकडा मोडतात आणि ती आडवाटेने परतते. ही हेरा पंचमी. दशमीला परतीची बाहुडा यात्रा. वाटेत मावशीच्या देवळापाशी जगन्नाथाला पोडपिठा या भाजलेल्या गोड पदार्थाचा नैवेद्य होतो. एकादशीला रथांवरच देवांना सोन्याचे हातपाय व अलंकार चढवतात, हा सुनावेश. ही आपली आषाढी एकादशी. पंढरपुरात वारी पोचलेली असते त्याच दिवशी पुरीत सुनावेशाला लोटलेली गर्दी असते. द्वादशीला रथांवर मोठ्या मडक्यांतून पेय अर्पण करतात, आणि त्रयोदशीला देव मंदिरात शिरू लागतात तेव्हा लक्ष्मी दार लावून घेते. रसगुल्ले दिल्यावर तिचा राग जातो.

ज्या वर्षी अधिक आषाढ येतो, त्या वर्षी साधारणपणे कडुनिंबाच्या नव्या मूर्ती घडवतात. त्याला नवकलेवर म्हणतात. अलीकडचे १९९६ आणि २०१५ मध्ये झाले.

मराठी वाचकाने एक दुवा लक्षात ठेवावा. १७५१ ते १८०३ या काळात ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. मंदिराच्या सिंहद्वारासमोर उभा असलेला एकसंध अरुणस्तंभ कोणार्कच्या सूर्यमंदिरातून येथे आला तो याच मराठा काळात.

पुरीला जायचे असेल तर केवळ द्वितीयेचे तिकीट काढू नये. त्या दिवशी गर्दीत रथ लांबूनच दिसतो. पंचमी, एकादशी आणि त्रयोदशी पाहिल्याखेरीज यात्रा अर्धीच राहते.