लाळ आणि कर्करोगनिदान : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मुखकर्करोगाचे निदान संशयित भागाचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच निश्चित होते. ही पद्धत विश्वसनीय असली, तरी निरोगी दिसणाऱ्या हजारो लोकांवर ती वापरता येत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुखकर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला आणि या रोगाचे भारतातील गांभीर्य पुढे आणले. त्यामुळे शस्त्राविना निदानाचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

विकास

शरीरातून आपोआप सुटणाऱ्या पेशींवरून कर्करोग ओळखता येतो, हा विचार पापानिकोलाऊ व ट्राउट यांच्या १९४३ च्या ग्रंथाने गर्भाशयमुखाच्या संदर्भात रुजविला. मुखातील अर्बुदाला तर लाळेचा सतत स्पर्श होत असतो. तथापि पेशीबाह्य लाळेतील सूक्ष्म रेणू मोजण्याची साधने बऱ्याच काळानंतर उपलब्ध झाली. २००४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील डेव्हिड वाँग यांच्या गटाने ३२ रुग्ण व ३२ निरोगी व्यक्तींच्या लाळेतील संदेशवाहक आर.एन.ए.ची तुलना केली. चार रेणूंच्या एकत्रित मोजमापाने रुग्ण व निरोगी या दोहोंची ओळख प्रत्येकी ९१ टक्के अचूकतेने पटली.

मर्यादा

हा आकडा आशादायक असला, तरी त्याचा अर्थ समूहानुसार बदलतो. १०,००० लोकांत १० रुग्ण आहेत असे गृहीत धरल्यास, याच अचूकतेची चाचणी सुमारे ९ रुग्ण शोधील. परंतु सुमारे ९०० निरोगी व्यक्तींनाही संशयित ठरवील. त्या सर्वांना अखेर तुकड्याच्या तपासणीसच सामोरे जावे लागेल. याउलट केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी मुखतपासणी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या निष्कर्षांनुसार, तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, प्रयोगशाळेतील अचूकता आणि समाजातील उपयुक्तता या दोन भिन्न कसोट्या आहेत. लाळचाचणीने पहिल्या कसोटीवर आश्वासक सुरुवात केली. परंतु मृत्यू घटविण्याची दुसरी कसोटी प्रथम उतरली ती साध्या नजरेच्या तपासणीने. म्हणून लाळचाचणीकडे तिचा पर्याय म्हणून न पाहता, तिला पूरक साधन म्हणून पाहणे अधिक युक्त ठरते.